मंडळीच्या जमाखर्चात पुस्तकांना जागा द्या
पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) पाळकांना आणि पास्टरेट कमिट्यांना (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांना) खुले पत्र

पुणे शहर, कॅम्प, खडकी, हडपसर आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या मराठी मंडळ्यांचे आदरणीय पाळक, पास्टरेट कमिटीचे सभासद, वडील आणि डीकन यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

वार्षिक सभेत आपण मंडळीचा जमाखर्च मांडता. त्यात इमारतीची डागडुजी असते, वीजबिल असतं, सेवकांचं मानधन, साउंड सिस्टीम, नाताळची रोषणाई, व्हीबीएसचा म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेचा खाऊ, कन्व्हेन्शनच्या मोठ्या सभांचा मंडप असतो. यातला एकही खर्च कमी करा असं मी म्हणत नाही. पण या सगळ्यात 'पुस्तकं' अशी एक ओळ का नसते, हा प्रश्न मी आज जाहीरपणे विचारते आहे. माझं मागणं एवढंच आहे: दरवर्षी थोडी का होईना पण ठरलेली रक्कम मंडळीच्या वाचनासाठी बाजूला काढा, त्यातून मराठी पुस्तकं घ्या, आणि ती सोबतीनं वाचायची सवय मंडळीला लावा.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात शिकवते. दृढीकरणाच्या (मंडळीचं पूर्ण सभासद होण्याच्या तयारीच्या) वर्गातली मुलं माझ्याकडं असतात, आणि आठवड्यातून एकदा बायकांच्या वाचनगटात मी बसते. त्यामुळं हे पत्र वरून पाहून लिहिलेलं नाही, वर्गात आणि गटात जे रोज दिसतं त्यातून लिहिलेलं आहे.

एक प्रसंग सांगते. दृढीकरणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलीनं मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. तिनं येशूच्या दोन्ही वंशावळी पेन्सिलीनं वहीत उतरवून काढल्या होत्या. मत्तयात योसेफाच्या बापाचं नाव याकोब, लूकमध्ये हेली. मत्तय दाविदानंतर शलमोनाच्या बाजूनं येतो, लूक नाथानाच्या. "टीचर, यातलं खरं कुठलं?" एवढंच तिनं विचारलं. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता की शंकेखोरपणा नव्हता. तिनं वचन मन लावून वाचलं होतं, म्हणून तिला ते दिसलं.

अशा वेळी शिक्षकाच्या हाताशी मराठीत काय असतं? बहुतेक मंडळ्यांमध्ये काहीच नसतं. सेमिनरीत (पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेत) शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून मी इंग्रजी भाष्य मिळवलं, वाचलं, आणि पुढच्या रविवारी मुलांना मराठीत सांगितलं. मत्तय आपल्या यादीत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट करतो आणि ते स्वतःच सतराव्या वचनात सांगतोही. अब्राहामापासून सुरू करून येशू हा दाविदाचा वारस आहे हे त्याला दाखवायचं आहे. लूक उलट्या दिशेनं चालत थेट आदामापर्यंत जातो, कारण त्याला सगळ्या माणसांचा तारणारा दाखवायचा आहे. दोन नावांचा मेळ कसा लावायचा याबद्दल मंडळीच्या इतिहासात फार जुन्या काळापासून वेगवेगळी मतं आहेत. कोणी एक वंशावळ कायदेशीर आणि दुसरी रक्ताची मानतात, कोणी लूकची यादी मरीयेच्या घराण्याची मानतात. मुलांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग त्याच मुलीनं पुढचं शोधलं: मत्तयाच्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रिया कशा काय आल्या? त्यावर वर्ग तासभर चालला. घंटा झाल्यावरही कोणी उठेना.

त्या मुलीचा विश्वास त्या दिवशी डळमळला नाही, तो पायरीभर वर चढला. पण तिथपर्यंत पोचायला एक पुस्तक लागलं, आणि ते आपल्या मंडळीत नव्हतं, आपल्या भाषेतही नव्हतं. ज्या वर्गात असं पुस्तक कधीच पोचत नाही तिथं मुलांना "असे प्रश्न विचारू नयेत, विश्वास ठेवावा" असं उत्तर मिळतं. मग ती मुलं कॉलेजात गेल्यावर तेच प्रश्न मोबाइलवर विचारतात, आणि उत्तर कोण देतं याच्यावर आपला काही ताबा राहत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणाऱ्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो की, वाचताय ते समजतंय का. तो माणूस मोठ्या हुद्द्यावरचा, राणीच्या खजिन्याचा कारभारी. तरी तो सरळ म्हणतो की कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल. मग फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायातही तेच आहे. पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी वंशातले सेवक लोकांमध्ये फिरून अर्थ उलगडून सांगतात. वचन वाचणं आणि वचन समजावून घेणं या दोन्ही गोष्टी देवाच्या लोकांमध्ये पहिल्यापासून जोडीनं चालत आल्या आहेत. आणि तुरुंगात शेवटचे दिवस काढणारा पौल तीमथ्याला काय आणायला सांगतो? त्रोवसात कार्पाकडं राहिलेला झगा, आणि पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं. थंडी येते आहे, मरण जवळ आलं आहे, आणि प्रेषिताला वाचायला हवं आहे. हे वचन मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते.

आता कमिटीच्या सभेत हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याकडं येते. "मराठीत आहे काय वाचण्यासारखं?" पुण्यात राहून हे वाक्य बोललं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

पुणे-दौंड गाडीत बसलात की वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी सगळं बायबल मराठीत आणलं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात त्यांची विद्वत्ता एवढी होती की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हणून गौरवलं होतं, पण भाषांतर करताना त्यांनी ती विद्वत्ता बाजूला ठेवली. दुष्काळातून, विधवापणातून, घराबाहेर काढलं गेल्यामुळं मुक्तीत आलेल्या बायकांना वाचता आलं पाहिजे, अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. टाइप जुळवायला आणि छापखाना चालवायला त्याच मुली शिकल्या. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तोवर त्या मुद्रितं तपासत होत्या. 1924 मध्ये संपूर्ण बायबल छापून झालं. एका बाईनं मूळ भाषांमधून केलेलं बायबल, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात! आपल्या किती तरुण मुलामुलींनी ते एकदा तरी हातात घेऊन पाहिलं आहे? दृढीकरणाच्या वर्गाची एक सहल केडगावला न्या. खर्च फार येत नाही, आणि मुलं जे पाहून येतात ते त्यांना पुरतं.

रमाबाईंच्या आधीचाही साठा मोठा आहे. बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली 1811 मध्ये मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) निघाला. त्याच्याही सुमारे दोनशे वर्षं आधी, 1616 मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालं. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन 1857 चं, मराठी कादंबरीचा इतिहास तिथून सांगतात. नारायण वामन टिळकांची भजनं आपण 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडून दर रविवारी गातो, पण त्यांची 'अभंगांजली' घेऊन घरी संध्याकाळी बसणारी कुटुंबं आता थोडी राहिली आहेत. ख्रिस्तायन हे येशूच्या चरित्राचं काव्य टिळकांच्या हातून अपुरं राहिलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय लिहून ते पुरं केलं. ज्या बाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं!

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल मला थोडं जास्त बोलू द्या, कारण माझ्या मते नव्या विश्वासणाऱ्याच्या हातात बायबलनंतर पहिलं पुस्तक हेच द्यावं. 1934 पासून ते भागाभागानं निघालं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून कोसळलेली, सोवळंओवळं सोडायला तयार नसलेली ही बाई हळूहळू, स्वतःच्या विचारानं ख्रिस्ताकडं कशी येते हे तिनं जसंच्या तसं सांगितलं आहे. तिच्यावर कोणी उपदेशाचा मारा केलेला नाही. शिवाशिवीचा विचार तिच्या मनातून कसा गळून पडला ते वाचताना वाचणाऱ्याचंही मन धुऊन निघतं. मराठी साहित्याचे विद्यार्थी हे पुस्तक आवडीनं वाचतात, सदाशिव पेठेतल्या घराघरांत ते असतं. आपल्या मंडळीच्या कपाटात मात्र ते शोधावं लागतं.

कपाटाचा विषय निघालाच आहे. बहुतेक मंडळ्यांच्या वेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत) एक लोखंडी किंवा लाकडी कपाट असतंच. त्यात जुनी गीतपुस्तकं, फाटलेली बायबलं, कोणीतरी दिवंगत पाळकांच्या घरून आणून दिलेली पुस्तकं, शताब्दीच्या स्मरणिका, आणि वर नाताळच्या देखाव्याचे कागदी तारे असतात. एका मंडळीत असं कपाट आम्ही काही जणांनी परवानगी घेऊन उघडलं. ज्ञानोदयाचे बांधून ठेवलेले अंक निघाले, शब्बाथ शाळेचे जुने धडे निघाले, कडा वाळवीनं खाल्लेला एक बायबल शब्दकोश निघाला. शब्दकोशात शेजारच्या कोऱ्या जागेत कोणीतरी निळ्या शाईनं बारीक अक्षरात टिपणं केलेली होती: कुठलं वचन कुठल्या उपदेशात वापरलं, तारीख, आणि पुढं 'लोकांना समजले नाही, पुन्हा घेणे'. तो पाळक कोण होता हे कोणालाच सांगता आलं नाही. पण लोकांना समजलं की नाही याची ज्याला एवढी काळजी होती, त्याची पुस्तकं कुलपात पडून राहावीत हे बरं नाही. जे जुनं आणि दुर्मिळ आहे ते वेगळं काढा, स्कॅन करून घ्या आणि नीट जपा. बाकीचं लोकांच्या हातात जाऊ द्या.

पण सगळं आपल्याकडं आहेच असंही मी म्हणणार नाही. भक्तिगीतं, चरित्रं, साक्षी मराठीत भरपूर आहेत. अडतं ते अभ्यासाच्या पुस्तकांवर. बायबलमधल्या एका पुस्तकाला एक असं, आजच्या मराठीत लिहिलेलं भाष्य. नकाशे. सामान्य वाचकाला पेलेल असा मंडळीचा इतिहास. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी अभ्यासपुस्तिका. जे मिळतं त्यातलं बरंचसं इंग्रजीवरून घाईनं उतरवलेलं असतं, वाक्य तीनदा वाचावं लागतं, उदाहरणं परदेशातली असतात. गटात वाचताना बायका अशा पुस्तकाला चार पानांत कंटाळतात, आणि दोष स्वतःला लावतात की आम्हालाच कळत नाही. हे ऐकलं की मला राग येतो. दोष त्यांचा नाही.

इथं मला या शहरातल्या धर्मशिक्षणाच्या संस्थांकडं हात जोडायचे आहेत. बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, 1983 मध्ये ती यवतमाळहून पुण्यात आली. नगर रोडला पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप या कॅथलिक संस्था आहेत. देशभरातून विद्यार्थी तिथं शिकायला येतात, ग्रंथालयं मोठी आहेत. दुसऱ्या शहरांतल्या मराठी मंडळ्यांना जे मिळत नाही ते आपल्याला रिक्षाच्या अंतरावर आहे. पाळकांनी आणि कमिट्यांनी मिळून तिथल्या प्रमुखांना भेटावं आणि दोन गोष्टी मागाव्यात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ठरावीक दिवशी ग्रंथालयात बसून वाचू द्यावं. आणि मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा भाग म्हणून बायबलमधल्या एकेका पुस्तकावर तीस-चाळीस पानांची सोपी पुस्तिका मराठीत लिहावी, ती मंडळीच्या गटात वाचून तपासावी, मग छापावी. दरवर्षी दोन-तीन पुस्तिका झाल्या तरी एका पिढीत सगळा नवा करार होईल.

कॅथलिक भावंडांकडूनही शिकावं. 'निरोप्या' हे त्यांचं मासिक 1903 पासून मराठीत निघतं आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' पुण्याच्या राजहंस प्रकाशनानं काढलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रस्तावना आणि टिपांसकट असलेला हा ग्रंथ ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही विकत घेतला. आमच्या गटात तो जुन्या 'पवित्र शास्त्रा'च्या, म्हणजे आधीच्या मराठी बायबलच्या शेजारी उघडा असतो. पंथ वेगळा आहे म्हणून पुस्तकाला हात लावायचा नाही, हे मला पटत नाही.

वाचनगटाबद्दल सविस्तर सांगते, कारण नुसती पुस्तकं आणून ठेवली तर ती कपाटातच राहतील. आमच्या गटात मार्काचं शुभवर्तमान सुरू आहे. सोळा अध्याय, आठवड्याला एक, म्हणजे चार महिने. कोणालाही झेपतं. एकीनं अध्याय मोठ्यानं वाचायचा, मग दुसरीनं दुसऱ्या भाषांतरातून तोच वाचायचा. त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. मग प्रत्येकीनं आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. जे कळलं नाही ते वहीत लिहायचं, आणि ज्यांच्याकडं भाष्य किंवा शब्दकोश आहे त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत बघून यायचं. उपदेश कोणी करायचा नाही, हा एकच नियम कडक आहे.

पाचव्या अध्यायावर आम्ही दोन आठवडे थांबलो. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू तिच्याकडं निघाला आहे, आणि वाटेत रक्तस्रावी बाई त्याच्या वस्त्राला शिवते. मार्क एक गोष्ट मध्येच तोडून दुसरी सांगतो आणि मग पहिलीकडं परततो. बाईचं दुखणं बारा वर्षांचं आणि मुलगी बारा वर्षांची, हे गटातल्या एका तरुण सुनेनं शोधलं. मग धुण्याभांड्याची कामं करणारी आमची एक मावशी सव्विसाव्या वचनावर बोट ठेवून बसली: बऱ्याच वैद्यांच्या हाती तिनं पुष्कळ सोसलं होतं, जवळ होतं ते सगळं खर्चलं होतं, आणि गुण यायच्या ऐवजी दुखणं वाढलं होतं. मावशी म्हणाली, "हे लिहिणाऱ्याला दवाखाना माहीत होता." तिच्या नवऱ्याच्या आजारपणात तिच्या घरी हेच झालं होतं. त्यानंतर ती जे बोलली ते इथं लिहिणार नाही, ते गटाचं आहे. एवढंच सांगते की तीस वर्षं मंडळीत येणाऱ्या या बाईनं सगळ्यांसमोर वचनाबद्दल तोंड उघडलं ते पहिल्यांदा तिथं. आता ती दर आठवड्याला आधी वाचून येते. लहान अक्षर दिसत नाही म्हणून मोठ्या टाइपाचं बायबल तिनं हप्त्यानं घेतलं आहे. तो हप्ता मंडळीनं भरायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

कुठली पुस्तकं घ्यायची हे पाळकांनी बघावं, आणि हे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. कन्व्हेन्शनच्या बाहेर टेबलांवर जे विकलं जातं त्यातलं सगळंच चांगलं नसतं. देणगी दिली की धंद्यात बरकत येते, औषध सोडलं की विश्वास सिद्ध होतो, अमुक वर्षी जगाचा शेवट आहे, असं सांगणारी पुस्तकं गरीब घरांमध्ये जातात आणि नुकसान करतात. त्यावर बंदी घालून उपयोग नाही, बरं पुस्तक आधी पोचलं पाहिजे. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून तपासलं आणि लूक त्याबद्दल त्यांचं कौतुक करतो. पुस्तक वचन उघडून दाखवतं की लेखक स्वतःचंच म्हणणं पुढं रेटतो, एखादं वचन त्याच्या जागेवरून उचलून भलत्याच कामाला लावलं आहे का, चमत्काराच्या गोष्टींपलीकडं क्रूसाबद्दल आणि शेजाऱ्याबद्दल त्यात काही आहे का, एवढं बघायला मंडळीला शिकवा. ते शिकलेला माणूस टेबलावरचं पुस्तक स्वतःच खाली ठेवतो.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं काय, असं पालक विचारतात. प्रश्न खरा आहे. मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, आजी मराठीत, आणि एकाच घरात दोघांना एकमेकांचा विश्वास कळत नाही. मी मुलांना इंग्रजी पुस्तकं वाचू नका असं कधीच सांगत नाही, उलट चांगली सुचवते. पण आजीला स्तोत्र वाचून दाखवायचं काम मी त्यांना देते. सुरुवातीला अडखळतात. तेविसावं स्तोत्र, मग एकशे एकविसावं, मग एक्कावन्नावं. दोन-तीन महिन्यांत वाचन सुधारतं, आणि आजीकडून त्यांना अशा गोष्टी ऐकायला मिळतात ज्या माझ्याकडं नाहीत. मंडळीच्या कपाटात इंग्रजी पुस्तकंही ठेवा, पण मराठी त्यांच्या खाली दाबून टाकू नका.

मोबाइलवर मराठी बायबल फुकट मिळतं, ऐकताही येतं. ज्यांची नजर गेली आहे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे मोठं वरदान आहे, तरुणांनी घरोघरी जाऊन ते लावून द्यावं. मात्र रोज सकाळी ग्रुपवर येणारं एक वचन आणि त्यामागचं फुलांचं चित्र म्हणजे अभ्यास नव्हे. एका वचनावर माणूस दिवस काढू शकतो, आयुष्य काढण्यासाठी पूर्ण पत्र, पूर्ण शुभवर्तमान वाचावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर आपण पुस्तकांवर खर्च करत नाही असं नाही. जून आला की अप्पा बळवंत चौकात आपण मुलांसाठी गाइड, स्वाध्याय पुस्तिका, स्पर्धा परीक्षेचे संच यांची पिशवी भरून आणतो आणि किमतीला कुरकुर करत नाही. मुलाच्या पोटापाण्यासाठी ते लागतं हे आपल्याला पटलेलं आहे. विश्वासात वाढण्यासाठीही पुस्तक लागतं, हे मंडळीला पटवून देणं हे पाळकांचं आणि कमिटीचं काम आहे, आणि ते जमाखर्चाच्या कागदापासून सुरू होतं. महिन्याला दोन हजार रुपये ठेवले तरी वर्षात मंडळीचं ग्रंथालय उभं राहतं. लहान मंडळीला तेवढं जमत नसेल तर तीन-चार मंडळ्यांनी मिळून पुस्तकं घ्यावीत आणि दर तीन महिन्यांनी पेटी फिरवावी. हंगामाच्या उपकारस्तुतीत एखादं कुटुंब पुस्तकाचं दान देऊ शकतं. कोणाच्या आठवणीसाठी संगमरवरी पाटी बसवण्याऐवजी त्यांच्या नावानं पुस्तकांचा एक खण देता येतो. वरचेवर पंखे दान होतात, पुस्तकं का होऊ नयेत?

पुण्यात 1848 पासून नगर वाचन मंदिर लोकांना पुस्तकं घरी देतं आहे. ख्रिस्ती मिशनांनी याच महाराष्ट्रात छापखाने घातले, मुलींना वाचायला शिकवलं, वर्तमानपत्रं चालवली. अशा शहरात, असा वारसा असलेल्या मंडळीत, रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशेजारी पुस्तकांचं एक टेबल नसावं हे मला मान्य होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. रक्कम ठरवा. पुस्तकांची जबाबदारी नेमून द्या, शक्यतो तरुण संघातल्या आणि महिला मंडळातल्या अशा दोघांवर. नोंदवही ठेवा, दंड ठेवू नका. पहिल्या वर्षी बायबलची दोन-तीन भाषांतरं, एक शब्दकोश, एक नकाशांचं पुस्तक, मार्कावरचं एक भाष्य, रमाबाई आणि टिळक दांपत्याची पुस्तकं, आणि मुलांसाठी चित्रांची गोष्टीची पुस्तकं एवढं पुरे. उपदेशानंतर पाळकांनी महिन्यातून एकदा त्यातल्या एका पुस्तकाचं नाव घेऊन दोन मिनिटं बोलावं. पाळकांनी स्वतः वाचलेलं पुस्तक हातात धरून दाखवलं की त्या रविवारी ते उचललं जातं, हे मी पाहिलं आहे.

यादी करायला, पुस्तकांना कव्हरं घालायला, रविवारी टेबल मांडायला आणि गट सुरू करताना पहिले काही आठवडे येऊन बसायला आम्ही शब्बाथ शाळेचे शिक्षक तयार आहोत. आपल्या मंडळीची सभा कधी आहे ते कळवा, आम्ही येऊ.

प्रभूच्या सेवेत आपली,
शब्बाथ शाळेची एक शिक्षिका
पुणे